मागच्या पडवीतली ओली साडी

बाबांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. काटा अडकलेला असू शकतो, म्हणून आधी काचेवर बोटाने टिचकी मारायची आणि मगच आकडा खरा मानायचा, ही तिथली सवय. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचं बोट काही थांबलेलं नाही. टरबूज, डॉक्टर, ऑटोवाला, नात्यातल्या मुलींना सांगून आलेली स्थळं, सगळ्यांना ते मनातल्या मनात टिचकी मारून पाहतात. हा गुण माझ्यात किती उतरलाय, ते मला मागच्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

समुद्रावर जायचं खूळ माझ्या मुलीचं. पुढच्या वर्षी दहावी, मग अकरावी, मग कुठे वेळ मिळणार, असा तिचा हिशेब. नागपूरच्या माणसाला समुद्र दोन्ही बाजूंनी सारखाच लांब. मी स्वतः तो एकदाच पाहिला होता, मुंबईला परीक्षेसाठी गेले तेव्हा, तोही बसच्या खिडकीतून. नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे आणि ते दुसऱ्याच्या हाती देणं त्याच्या जिवावर येतं, पण या वेळी धाकटा दीर बसायला तयार झाला. आईबाबांनाही नेऊ असं आम्ही ठरवलं. बाबा लगेच म्हणाले, "आमचं नको. तुह्या आईले पाण्याची भीती वाटते, माहीत नाही का तुले?"

माहीत कसं नसणार? आमचं लहानपणच त्या भीतीच्या अलीकडे गेलं. कॉलनीची सहल खिंडसीच्या तलावावर गेली की सगळी मुलं बोटीत आणि आम्ही दोघं भावंडं काठावर, डब्याजवळ. पेंचच्या कालव्यात मामेभाऊ डुंबायचे आणि आम्ही त्यांचे कपडे सांभाळायचो. "आईचा जीव घाबरते," बाबा सांगायचे आणि आई मान खाली घालून पुऱ्या वाढत राहायची.

पण या वेळी आईच म्हणाली, "मी येतो ना. दुरून पाहीन."

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काहून?"

"काहून म्हंजे? कसा असते तो, पाहू तरी द्या."

माझी आई कधी 'मी येतो' म्हणत नाही. ती 'तुम्ही जा, मी घर पाहतो' म्हणणारी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तिथूनच काहीतरी वेगळं चाललंय असं मला वाटायला लागलं.

दापोलीच्या खालच्या अंगाला एका गावात आम्ही राहायची सोय केली होती. सुपारीच्या वाडीत घर. पुढे सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. मागे उतरत गेलं की खाडी. मालक बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घर चालवायची ती मालकीणच, पन्नाशीची, कासोटा घातल्यासारखी साडी खोचून भरभर चालणारी. बाबांनी पहिल्या तासातच तिच्याविषयी मत बनवलं. "एकटी बाई एवढं मोठं घर सांभाळून राहिली, अन् चेहऱ्यावर थकवा नाही. मले हे बराबर नाही वाटत." आपल्या पिशवीतून त्यांनी भिवापुरी तिखटाची बरणी काढून उशाशी ठेवली. इकडचं सगळं गोड आणि खोबऱ्याचं असणार, याची त्यांना येण्याआधीच खात्री होती.

सामान टाकून आम्ही समुद्राकडे पळालो. मुलीने जेमतेम पाय ओले केले असतील, तेवढ्यात आभाळ पाण्यावर टेकल्यासारखं खाली आलं. बाबा सुरूच्या झाडांपाशीच थांबले होते, हातात चपलांची पिशवी धरून. आई त्यांच्या शेजारी उभी. पाऊस आडवा आला आणि आम्ही सगळे डोक्यावर हात धरून घरात.

"दर्यात कमी दाबाचा पट्टा झालाय," मालकिणीने चहा ठेवत सांगितलं. "दोन-चार दिवस काही खरं नाही आता. पुढच्या बाजूला पाण्यात उतरू नका हं कोणी."

ती आत गेल्यावर बाबा पुटपुटले, "हिले आधीच माहीत असंल."

"पाऊस काय ती सांगून पाडते का, बाबा?"

"सांगू तर शकत होती ना."

मुलगी आधी रुसली. पण खरं सांगायचं तर ते पावसाचे दिवस आम्ही फार मजेत घालवले. फोनला रेंज येत-जात होती, त्यामुळे सगळे एकमेकांच्या वाट्याला आले. ओटीवर सतरंजी टाकून आम्ही पत्ते खेळायचो. जावई पानं लपवतात असा बाबांना संशय होता आणि तो खरा होता. मालकीण गरम भजी आणून ठेवायची, त्यावर बाबा आपलं तिखट भुरभुरायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सोलकढीचा वास घेऊन पेला परत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी पाहते तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ती मागून पीत होते. दुकानात दिवसभर उभा राहणारा माझा नवरा बसल्या जागी झोपायला लागला. समुद्र दिसत नव्हता, पण सारखा ऐकू येत होता. कोणीतरी शेजारच्या खोलीत जड पेटी ओढतंय, असा तो आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकिणीची धांदल उडाली. खाचरात कापून ठेवलेलं भात भिजत होतं. ती धावली, आणि आमच्यापैकी कोणी काही म्हणायच्या आत आईने पदर खोचला आणि तिच्यामागे गेली. आईचं माहेर कुहीजवळचं, धानाच्या गावातलं. "धान भिजून राहिला ना वं बाई, बसून काय पाहता!" एवढंच ती जाताना म्हणाली. दोघींनी भारे उचलून पडवीत आणून रचले. मी मदतीला गेले तर आई म्हणाली, "तुले नाही जमणार, तू चहा ठेव."

त्या सकाळपासून आई आणि मालकीण यांचं काहीतरी सुरू झालं. दोघी चुलीपाशी बसून हळू आवाजात बोलायच्या. मी गेले की बोलणं थांबायचं आणि मालकीण उगाच भांडी हलवायची. एकदा मी विचारलं, "काय गप्पा चालल्या?" आई म्हणाली, "काही नाही, मसाल्याचं."

मसाल्याचं बोलायला आवाज कशाला खाली घ्यावा लागतो?

मग आई दिसेनाशी व्हायला लागली. जेवणं झाली, सगळे आडवे झाले की तिची गादी रिकामी. विचारलं तर, "मांगं होतो, भांड्याले मदत करत होतो." मी एकदा मुद्दाम उठून मागे गेले. भांडी घासून पालथी घातलेली, चूल विझलेली, स्वयंपाकघरात कोणी नाही. आई आली तेव्हा तिचे केस ओले होते.

"पुन्हा नाहली?"

"हो, घाम आल्ता."

बाहेर अंगात स्वेटर घालावासा वाटेल अशी हवा होती.

मागच्या पडवीत, भाताच्या भाऱ्यांच्या आड, एक साडी वाळत घातलेली मला सापडली. आईची. मी हात लावला, नुकतीच पिळलेली. दुसऱ्या दिवशी तिथेच दुसरी साडी. आई रोज एक साडी धूत होती आणि ती आम्हाला दिसणार नाही अशा जागी वाळत घालत होती.

मी घाबरले. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या वर्षी असंच सुरू झालं होतं. कपडे खराब व्हायचे आणि त्या लपवून धुवायच्या. नवऱ्याला मी बाजूला नेऊन सांगितलं. तो गंभीर झाला. "साखर वाढली असंल. पाणी जास्त पितात का त्या?"

मी आईकडे त्या नजरेने पाहायला लागले आणि मला सगळीकडे पुरावे दिसायला लागले. ती पाणी जास्त पीत होती. जेवणही जास्त जात होतं. संध्याकाळी दिवे लागायच्या आत तिला झोप येत होती. डोळे लालसर होते. मी कपाळाला हात लावला तर तिने झटकला. "काय वं, मले काय झालं? नीट तर आहे मी."

त्याच दिवशी दुपारी बाबांनी मला ओटीच्या कोपऱ्यात बोलावलं. आवाज एकदम खाली. "तुह्या आईचं काय चालू आहे?"

"तुम्हालेही वाटते?"

"ह्या बाईनं तिले कोन्या देवऋषीकडे नेलं असंल. इकडे असते ते सगळं. मी पाहिलं, हे बाई खुंटीवरचा दोर घेऊन गेली, अन् तुही आई तिच्या मांगं. दोराचं काय काम आहे? तू जाऊन पाह्य बरं. मी इथं पडून राहतो, म्हंजे त्याइले समजणार नाही."

दोर हा शब्द ऐकताच मी उठले. त्या दिवशी पाऊस बारीक पण सलग लागलेला. मी छत्रीही न घेता मागच्या बाजूने निघाले. सुपारीच्या झाडांमधून पायवाट उतरत होती. शेवाळलेल्या चिऱ्यांवरून दोनदा पाय घसरला. मनात देवऋषी होता, आजारपण होतं, आणि याहून वाईटही काहीतरी होतं, त्याचं नाव मी घेत नव्हते.

खाली खाडी दिसली. भरती आलेली असावी, पाणी काठोकाठ आणि अगदी स्थिर. त्यावर फक्त पावसाचे बारीक खड्डे पडत होते. काठावरच्या दगडावर आईच्या चपला होत्या. नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या. चपलांवर घडी घातलेली शाल आणि त्यावर प्लास्टिक. एका वाकड्या झाडाच्या बुंध्याला दोर बांधलेला होता आणि तो दोर सरळ पाण्यात गेला होता.

"आई!" मी किंचाळले.

"हळू ओरड ना," पाण्यातून आवाज आला. "तुह्ये बाबा उठतीन."

झाडाच्या पलीकडे मालकीण कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एका हातात दोर, दुसऱ्या हातात उघडलेली छत्री. आणि दोराच्या टोकाला, कमरेला पक्की गाठ मारून, माझी आई पोहत होती. हात मारून नाही. बेडकासारखे पाय सोडत, हनुवटी वर धरून, घाई नसल्यासारखी. काठाजवळून पुढे गेली, वळली, परत आली. केस पाठीवर पसरले होते. आईचे केस मोकळे सोडलेले मी किती वर्षांत पाहिले नव्हते.

मी त्या चपलांशेजारी दगडावर बसले. "तुले पोहता येते?"

"येते ना."

"कुठं शिकली?"

"बोडीत. गावात तळं होतं ना आमच्या. म्हशीची शेपटी धरून अलीकडून पलीकडे जावो आम्ही पोरी. मग मी मोठी झालो त्या दिवशी आजीनं बंद केलं. तिथून पाणी सुटलं, ते सुटलंच." ती पाठीवर झाली आणि आभाळाकडे तोंड करून तरंगत राहिली. "ह्या बाईले धान उचलताना सांगितलं. ते म्हणे, पुढं दर्या खवळला आहे, पण मांगं भरतीले पाणी थांबते. चला म्हणे, काकू. दोर बांधते म्हणे."

"मी धरलंय हो घट्ट," मालकीण मला म्हणाली. "पहिल्या दिवशी मीच घाबरले होते. ह्या काय, ह्या तर मासोळीच."

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. दोन दिवस मी तिच्या आजारपणाची तयारी करत होते. "अन् पाण्याची भीती? आम्हाले जन्मभर काठावर बसवलं ते?"

आई उभी राहिली, पाणी तिच्या छातीशी आलं. मालकिणीने तोंड फिरवून पलीकडच्या काठाकडे पाहायला सुरुवात केली.

"भीती मले नाही वं," आई म्हणाली. "तुह्या बाबाले आहे."

लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट तिने सांगितली. बाबा कामावरच्या मित्रांसोबत कन्हान नदीवर गेले होते. वाळूवरून चालता चालता पाय डोहात गेला. कोणीतरी केसांना धरून ओढून काढलं. त्यानंतर बरेच दिवस ते झोपेतून दचकून उठायचे आणि तिचा हात धरायचे. मग कॉलनीची पहिली सहल निघाली. सगळे पाण्यात उतरले आणि बाबांना हाका मारायला लागले. "त्याइनं माह्याकडे पाहिलं," आई म्हणाली, "अन् म्हणाले, हिले भीती वाटते, मी इथंच बसतो हिच्याजवळ. मी म्हटलं, हो."

"अन् मग?"

"मग काय? एकदा हो म्हटलं का मग होच राहते ते."

"पण आम्हाले तरी शिकवायचं होतं ना, आई."

"शिकवलं असतं. मग काठावर ते एकटेच बसले असते का नाही, सांग?"

पावसाचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं आणि मी आधीच पूर्ण भिजलेले होते. आई काठाशी आली आणि हात पुढे केला. "ये. भिजलीच आहे."

मी चाळिशी ओलांडलेली, दोन जिने चढले की धाप लागणारी बाई. पाय टाकला तर गाळ मऊ लागला आणि पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार. आईने मला पाठीवर व्हायला सांगितलं आणि पाठीखाली तळहात धरला. "मान सोड. सोड वं, पकडून काय राहिली!" कान पाण्यात गेले तसा सगळा आवाज बंद झाला. वर पांढरं आभाळ, तोंडावर पाऊस, आणि पाठीखाली एकच हात. तो हात तिने मधे केव्हातरी काढून घेतला होता, असं मालकिणीने मला नंतर सांगितलं. मला कळलंच नाही.

परत आलो तेव्हा बाबा ओटीवर खुर्चीत बसले होते. आमच्या ओल्या केसांवरून त्यांची नजर पायांपर्यंत गेली.

"कुठं गेल्त्या?"

"खाडीवर," आई म्हणाली. "हिचा पाय घसरला. मी धरलं."

"तू धरलं?"

"हो."

बाबा उठून आत गेले. मला वाटलं आता मालकिणीची खैर नाही. ते दोन टॉवेल घेऊन आले आणि आधी आईला दिला. "कान कोरडे कर. पाणी राहते आत."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. समुद्र अजून गढूळ होता, पण मालकिणीने पुढच्या बाजूला घोट्याएवढ्या पाण्यात जायला परवानगी दिली. माझी मुलगी आणि तिचा बाप लाटेमागे पळत होते. आई मालकिणीसोबत शिंपले वेचत लांब गेली होती. बाबा सुरूच्या सावलीत चटईवर बसले होते, मी त्यांच्याजवळ. काल ते टॉवेल घेऊन आले तेव्हापासून मला त्यांचाच संशय येत होता.

"बाबा, तुम्हाले माहीत होतं?"

"काय?"

"काही नाही."

त्यांनी वाळूत काडीने रेघ मारली. "तुह्या आईची बोटं पाहिली नाही का तू? धान उचलला त्याच दिवशी, दुपारच्या चहाले, अशी सुरकुतली होती. भांडे घासून एवढी नाही होत. मी काय आंधळा आहे?"

"मग तुम्ही काही बोलले काहून नाही?"

"मी बोललो असतो तर ते गेली असती का पुन्हा?" ते समुद्राकडे न पाहता बोलत होते. "मले दुपारची झोप येत नाही, तुले माहीत आहे. इथं मी रोज डोळे मिटून पडलो. घोरलो पण."

"अन् मले त्या देवऋषीचं काहून सांगितलं मग?"

"दोर मजबूत आहे का, गाठ बराबर आहे का, हे कोनीतरी पाहा लागत होतं ना," बाबा म्हणाले. "मी कसा जाऊ तिथपर्यंत?" मग वाळूतली रेघ बोटाने पुसत, "होता का बराबर?"

"होता. नारळीचा दोर, जाड. झाडाले पक्का."

त्यांनी मान हलवली. "आईले नको सांगजो," म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

मी सांगितलं नाही. आईनेही तिच्या बाजूचं बाबांना सांगितलं असेल असं मला वाटत नाही. नागपूरला आल्यावर मी आणि माझी मुलगी बायकांच्या पोहण्याच्या बॅचला जायला लागलो. एकदा आईला आग्रहाने सोबत नेलं. तिने टाकीच्या कडेला वाकून निळं पाणी चुळकाभर हातात घेतलं, हुंगलं आणि परत टाकलं. "यात दवाई आहे," ती म्हणाली. "तुम्ही पोहा. मी बसतो." पण पुढच्या दिवाळीला मालकिणीकडे जागा आहे का, ते फोन करून विचार, असं तिने त्याच संध्याकाळी मला सांगितलं. बाबा शेजारीच बसून पेपर वाचत होते. त्यांनी या वेळी 'काहून' विचारलं नाही.